बिटकॉइनचे नोड किती आणि कुठे: घरच्या संगणकावरून मोजणी

बिटकॉइनचे जगात नोड, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर चालवणारी यंत्रं, किती, असं विचारलं की कुणी पंधरा-वीस हजार सांगतं, कुणी साठ-सत्तर हजार. दोघंही खोटं बोलत नसतात. एकाने दार उघडणारी घरं मोजलेली असतात, दुसऱ्याने कुलूपबंद घरांचाही अंदाज धरलेला असतो. जनगणनेत आधी घरयादी होते आणि मग माणसं मोजतात, तसंच इथे करावं लागतं. फरक एवढाच की प्रगणक तुम्ही स्वतः, आणि निम्म्याहून जास्त घरांनी दारावरची पाटीच काढून ठेवलेली.

ज्यांनी कधी क्रॉलर, म्हणजे एका नोडकडून दुसऱ्याचा पत्ता घेत जाळं फिरून येणारा प्रोग्राम, चालवलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. टर्मिनल उघडून आज्ञा देता येणं आणि थोडंफार पायथन वाचता येणं एवढं पुरे. आज्ञा मी देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान आणि जोडून टाकायच्या.

पायरी १: काय मोजायचंय ते कागदावर लिहा

हे हसण्यावारी नेऊ नका. ‘नेटवर्कचा आकार’ या दोन शब्दांत लोक चार निरनिराळ्या गोष्टी कोंबतात. पहिली गोष्ट म्हणजे आयपी पत्ते. दुसरी म्हणजे चालू असलेले नोड, म्हणजे बिटकॉइन कोअर किंवा तसं सॉफ्टवेअर चालवणारी यंत्रं. तिसरी, ती यंत्रं चालवणारी माणसं. आणि चौथी हॅशरेट, म्हणजे खाणकामाची (नवे ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे, तयार करायच्या गणिती शर्यतीची) ताकद. एका माणसाचे दहा नोड असू शकतात, एका नोडचे चार पत्ते असू शकतात, आणि जगातल्या बहुसंख्य नोडांचा खाणकामाशी काडीचाही संबंध नसतो. ते फक्त व्यवहार आणि ब्लॉक तपासतात आणि पुढे पाठवतात.

एक्सचेंजवर खातं असलेल्या लोकांची संख्या तर यात कुठेच येत नाही. कुणी ती ‘नेटवर्कचा आकार’ म्हणून सांगत असेल तर ते वाचणं तिथेच थांबवा.

आपण इथे मुख्यतः दुसरी गोष्ट मोजणार आहोत. शेवटी थोडं चौथीबद्दल.

पायरी २: स्वतःचा नोड उभा करा

क्रॉलर नोडशिवायही लिहिता येतो, पण स्वतःचा नोड असला की जाळं आतून कसं दिसतं ते कळतं. जुना लॅपटॉप चालेल. संपूर्ण साखळी, म्हणजे आजवरचे सगळे ब्लॉक, आता सहाशे जीबीच्या वर गेली आहे. डिस्क लहान असेल तर सेटिंग फाइलमध्ये ‘प्रून=५५०’ लिहा, म्हणजे जुने ब्लॉक तपासून झाले की पुसले जातात. मात्र पहिल्यांदा डाउनलोड सगळीच साखळी होते, प्रून असो वा नसो. ब्रॉडबँड प्लॅनची एफयूपी मर्यादा त्याआधी पाहून घ्या. माझ्या घरी महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात स्पीड घसरला तेव्हा घरच्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नोड जुळला की दोन आज्ञा देऊन पाहा. पहिली ‘बिटकॉइन-सीएलआय’ आणि पुढे ‘-ॲड्रइन्फो’. तुमच्या नोडला आयपीव्ही-४, आयपीव्ही-६, टॉर, आयटूपी (शेवटची दोन खरा पत्ता लपवणारी जाळी) अशा प्रत्येक जाळ्यातले किती पत्ते माहीत आहेत ते ती सांगते. दुसरी ‘गेटनोडॲड्रेसेस’ आणि पुढे शून्य. ती त्या पत्त्यांची यादीच हातात देते, सोबत पोर्ट आणि शेवटचं कधी कळलं ती वेळ.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. यादीत पन्नास-साठ हजार पत्ते दिसतात आणि वाटतं, झाली मोजणी. पण ही नुसती ऐकीव घरयादी आहे. अमक्या पत्त्यावर कुणीतरी राहतं असं तमक्याने सांगितलं, एवढाच तिचा अर्थ. त्यात महिनाभर जुने पत्ते असतात, कुणी मुद्दाम घुसडलेले खोटे पत्तेही असतात. शिवाय वहीलाच मर्यादा आहे. नोड ऐकीव पत्ते १०२४ कप्प्यांत ठेवतो, पडताळलेले २५६ कप्प्यांत, आणि प्रत्येक कप्प्यात ६४ जागा. म्हणजे जाळ्यात दोन लाख नोड असले तरी वहीत ८१,९२० च्या वर पत्ता मावणार नाही. वहीची पानं मोजून गावाची लोकसंख्या सांगता येत नाही.

पायरी ३: दारं ठोठवा

आता खरी गणना. क्रॉलरचं काम सांगायला सोपं आहे. सुरुवातीचे काही पत्ते डीएनएस सीडकडून, म्हणजे चालू नोडांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरकडून, घ्यायचे. बिटकॉइन कोअरमध्ये अशा मोजक्या सीडची नावं कोरलेलीच असतात. त्या प्रत्येक पत्त्याशी जोडणी करायची, नेहमीचं पोर्ट ८३३३. ओळख करून घ्यायची, म्हणजे आपण ‘व्हर्जन’ संदेश पाठवायचा, समोरच्याने त्याचा पाठवायचा, मग दोघांनी ‘व्हरॅक’. मग ‘गेटॲड्र’ संदेश पाठवून विचारायचं, तुला अजून कोण कोण माहीत आहे? समोरचा जास्तीत जास्त एक हजार पत्ते देतो. त्यातले नवे आपल्या रांगेत घालायचे आणि पुढच्या दाराशी जायचं. रांग संपेपर्यंत हेच.

पायथनमध्ये हे शे-दीडशे ओळींत बसतं. खाचाखोचा मात्र बऱ्याच आहेत.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी. ओळख करून घेताना ‘व्हरॅक’ पाठवण्याआधी ‘सेंडॲड्रव्ही-२’ हा संदेश पाठवायला विसरू नका. जुन्या पत्ता-संदेशात प्रत्येक पत्त्याला १६ बाइटच जागा होती. टॉरचे आताचे पत्ते ३२ बाइटच्या चावीवर बेतलेले असतात, ते त्यात मावत नाहीत. म्हणून नवा संदेशप्रकार आला आणि बिटकॉइन कोअरच्या २०२१ च्या सुरुवातीच्या ०.२१ आवृत्तीपासून तो वापरात आहे. तुम्ही तो समजतो असं आधी सांगितलं नाही, तर समोरचा नोड टॉरचे पत्ते मुकाट्याने गाळून देतो. चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही. मी तीन आठवडे अर्धवट जाळं मोजत होतो आणि आकडे किती छान स्थिर आहेत म्हणून खूश होतो.

दुसरी. टॉरच्या पत्त्यांपर्यंत पोहोचायला तुमच्या यंत्रावर टॉर चालू हवा. क्रॉलरला त्याच्या ९०५० पोर्टमधून बाहेर पाठवायचं. हे संथ चालतं. आयपीच्या पत्त्याला पाच सेकंद थांबत असाल तर टॉरला तीस सेकंद द्या, नाहीतर जिवंत नोड मेलेले धराल.

तिसरी. एकाच नोडला पुन्हा पुन्हा ‘गेटॲड्र’ विचारून उपयोग नाही. आता नोड एकदा तयार केलेलं उत्तर साधारण दिवसभर तसंच ठेवतात. कोण कोणाशी जोडलेलं आहे हे बाहेरच्याला काढता येऊ नये, म्हणून ही सोय केलेली आहे. चार वेळा विचारलंत तर तीच यादी चार वेळा मिळेल.

चौथी. पोर्ट उघडं दिसलं म्हणून नोड धरू नका. समोरून पूर्ण ‘व्हर्जन’ संदेश आला, संदेशाच्या सुरुवातीचे चार बाइट बिटकॉइनच्या मुख्य जाळ्याचे निघाले, आणि त्याने सांगितलेली ब्लॉकची उंची (साखळीतला शेवटचा ब्लॉक कितवा ते) आजच्या उंचीच्या आसपास असली, तरच त्याला नोंदवा. दोन वर्षांपूर्वीच्या ब्लॉकवर अडकलेलं यंत्रही सापडतं. त्याची नोंद ठेवा, पण वेगळ्या रकान्यात.

आणि जरा सबुरीने. ऐकीव यादीतल्या कित्येक पत्त्यांवर आज भलताच कुणी असतो. तिथे तुमची टकटक म्हणजे त्यांच्या दृष्टीने हल्ल्याआधीची चाचपणी. मी भाड्याच्या सर्व्हरवरून पहिल्यांदा क्रॉलर चालवला तेव्हा दुसऱ्याच दिवशी सर्व्हर कंपनीचा मेल आला की तुमच्या यंत्राबद्दल तक्रार आहे, चोवीस तासांत खुलासा करा. खुलासा दिला, मिटलं. तेव्हापासून मी एका वेळी उघडायच्या जोडण्या कमी ठेवतो, एकाच पत्त्यावर दिवसातून दोनदाच जातो, आणि आपण क्रॉलर आहोत हे ‘व्हर्जन’ संदेशातल्या नावातच स्पष्ट लिहितो.

पायरी ४: क्षण मोजताय की महिना?

एका फेरीत जेवढे नोड उत्तर देतात तो त्या क्षणाचा आकडा. महिनाभर रोज फेरी मारून सगळे वेगवेगळे पत्ते एकत्र केले तर आकडा कितीतरी फुगतो. काही नोड खरोखर येऊन-जाऊन असतात, पण बराचसा फुगवटा बदलत्या आयपीचा असतो. जर्मनीत कित्येक वर्षं घरगुती डीएसएल जोडणी दर चोवीस तासांनी तोडून पुन्हा जोडायची पद्धत होती. प्रत्येक वेळी नवा आयपी. असा एक नोड महिन्याच्या यादीत तीस नोड होऊन बसतो, आणि आपण म्हणतो, बघा, जर्मनीत बिटकॉइन किती लोकप्रिय!

म्हणून क्षणाचा आकडा मुख्य धरा. आठवड्याच्या सगळ्या फेऱ्यांचा मध्यक काढा. महिन्याचा एकत्रित आकडा द्यायचाच असेल तर तो पत्त्यांचा आहे असं लिहा, नोडांचा म्हणू नका.

उलटीही गडबड असते. एकच नोड आयपीव्ही-४, आयपीव्ही-६ आणि टॉर तिन्हीकडून ऐकत असेल, तर तुमच्याकडे तीन वेळा नोंदला जातो. त्याला बाहेरून खात्रीने ओळखता येत नाही. स्वतःचा नोड ‘गेटनेटवर्कइन्फो’ आज्ञेने तपासा, किती ‘स्थानिक पत्ते’ दाखवतो ते पाहा, आणि आपल्याच क्रॉलरच्या यादीत तो किती वेळा आलाय ते शोधा. दुहेरी मोजणी किती सहज होते याची चव मिळेल.

पायरी ५: कुलूपबंद घरं

मेख इथे आहे. घरगुती राउटरमागचा नोड स्वतः बाहेर जोडण्या करतो, पण बाहेरून कुणाला त्याच्यापर्यंत येता येत नाही. भारतात हे फारच सर्रास आहे. बऱ्याच मोबाइल आणि फायबर जोडण्यांत आयपीव्ही-४ चा एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. पुण्यात घरी नोड चालवणारा माणूस जाळ्याला पूर्ण हातभार लावतो आणि तरीही एकाही क्रॉलरच्या यादीत येत नाही. ‘भारतात इतकेच नोड’ अशी वाक्यं वाचताना हे डोक्यात ठेवा.

मग यांचा अंदाज कसा करायचा? मला आवडणारी युक्ती अशी. बिटकॉइन कोअरचा प्रत्येक नोड, दिसणारा असो वा न दिसणारा, स्वतःहून साधारण दहा कायमच्या जोडण्या करतो: आठ पूर्ण, दोन फक्त ब्लॉकसाठी. या सगळ्या जोडण्या शेवटी दिसणाऱ्या नोडांच्याच दारात येऊन पडतात, दुसरीकडे जाणार कुठे? म्हणजे दिसणाऱ्या नोडकडे सरासरी किती पाहुणे येतात ते कळलं, की त्याला दहाने भागायचं. एका दिसणाऱ्या नोडमागे एकूण किती नोड आहेत ते निघालं.

समजा तुमच्या नोडचं पोर्ट उघडं आहे, तो दोन-तीन महिने न थांबता चालू आहे, आणि ‘गेटपीअरइन्फो’ मध्ये येणाऱ्या जोडण्या सरासरी ५५ दिसतात. ५५ भागिले १० म्हणजे ५.५. क्रॉलरने १५,००० नोड मोजले असतील तर एकूण ८२,५००.

एवढ्यावर खूश होऊ नका. त्या ५५ मध्ये तुमच्या-माझ्यासारखे क्रॉलर आहेत, पूर्ण साखळी न ठेवणारी हलकी वॉलेट आहेत, आणि काही जण निव्वळ कान लावून बसायला शेकडो नोडांशी जोडलेले असतात. यादी डोळ्यांखालून घाला. महिनोन्‌महिने जोडलेला राहून एकही उपयोगी गोष्ट न पाठवणारा, एकाच आयपी पट्ट्यातून पाच-सहा जोडण्या करणारा, विचित्र नावाचा, असे बाजूला काढा. समजा वीस गेले, ३५ उरले. मग एकूण ५२,५००. वीस पाहुण्यांच्या शंकेवरून तीस हजार नोड इकडचे तिकडे झाले. साठ-सत्तर हजारांचे जे आकडे फिरतात त्यांचा पाया कितपत मऊ आहे ते यावरून पाहा.

आणखी दोन पाचर आहेत. नोडच्या दारात मूळ सेटिंगप्रमाणे ११४ पाहुणेच मावतात, दार भरलं की तुमचा आकडा तिथेच थांबतो. आणि नोड जोडीदार निवडताना एकाच आयपी पट्ट्यातले टाळतात. त्यामुळे मोठ्या डेटा सेंटरमधल्या, शेजारी शंभर नोड असलेल्या नोडपेक्षा एकट्यादुकट्या पट्ट्यातल्या नोडकडे जास्त पाहुणे येतात. एकाच नोडवरून सरासरी सांगणं धोक्याचं. दोन-तीन मित्रांना, शक्यतो वेगळ्या देशांतल्या, त्यांचे आकडे विचारा. प्रून केलेल्या नोडकडे ओघ कमी असतो, तोही धरू नका.

दिसणाऱ्या नोडांतही क्रॉलरला किती निसटले याचा अंदाज करता येतो, तळ्यातले मासे मोजायच्या जुन्या रीतीने. एकदा जाळं टाकून सापडलेल्या माशांना खूण करून सोडायचं, पुन्हा जाळं टाकायचं, खूण असलेले किती ते बघायचं. दोन वेगळ्या ठिकाणांहून, वेगळ्या सीडपासून दोन फेऱ्या करा. पहिलीत ९,००० सापडले, दुसरीत ८,०००, दोन्हींत सामाईक ७,२००. तर ९,००० गुणिले ८,००० भागिले ७,२००, म्हणजे १०,०००. पण सगळे मासे सारखेच सापडतात असं ही रीत धरून चालते. नोडांचं तसं नाही, सतत चालू असणारे दोन्हीकडे सापडतातच. त्यामुळे हे उत्तर खऱ्यापेक्षा कमी निघतं. त्याला किमान आकडा समजा.

पायरी ६: नकाशा

आयपीवरून देश सांगणारे डेटाबेस फुकट मिळतात, मॅक्समाइंडचा जिओलाइट बहुतेकांना माहीत असतो. देशापर्यंत ते बऱ्यापैकी भरवशाचे आहेत. शहरापर्यंत गेलात की जपून. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका शेतघराची गोष्ट याच डेटाबेसची आहे. आयपी अमेरिकेचा आहे एवढंच ठाऊक असलं की मॅक्समाइंड देशाच्या मध्याजवळचा एक गोल आकड्यांचा बिंदू द्यायचं. साठ कोटी आयपी पत्ते त्या एका शेतावर येऊन बसले. पोलीस, करखातं, फसवले गेलेले लोक वर्षानुवर्षं तिथे दार वाजवत राहिले. २०१६ मध्ये हे उघड झाल्यावर कंपनीने तो बिंदू हलवून जलाशयात टाकला. तुमच्या नकाशावर एकाच ठिकाणी संशयास्पद गर्दी दिसली, तर आधी तो बिंदू असाच, नेमकं ठिकाण ठाऊक नसताना भरलेला नाही ना ते बघा.

देशाच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना हवाच: तो आयपी कुठल्या नेटवर्क कंपनीच्या ताब्यात आहे, म्हणजे एएस क्रमांक. यावरून घरगुती जोडणी आणि भाड्याचा सर्व्हर वेगळे काढता येतात. जर्मनी नकाशावर नेहमी ठळक दिसतो, त्याचं मोठं कारण हेट्झनरसारखे स्वस्त सर्व्हर भाड्याने देणारे तिथे आहेत. तिथला नोड ब्राझीलमधल्या माणसाचा असू शकतो. तसंच मुंबईचं. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउड केंद्र सुरू केलं, त्यामुळे ‘मुंबईतला नोड’ हा दादरच्या घरातला नसून कुणीही, कुठूनही भाड्याने घेतलेला असण्याची शक्यता दाट. आणि भाड्याने घेतलेल्या नोडांनी आकडा फुगवताही येतो. २०१५ नंतर ब्लॉकच्या आकारावरून जो वाद पेटला, त्यात आपल्या बाजूला पाठिंबा दिसावा म्हणून क्लाउडवर नोड उभे करण्याचे प्रकार झालेच.

आता पाटी काढलेली घरं. टॉर आणि आयटूपीवरच्या पत्त्यांना देश नसतोच, आणि दिसणाऱ्या पत्त्यांपैकी निम्म्याहून अधिक आज टॉरचेच भरतात. इथे एक मोह होतो: आयपीवाल्यांचं देशवार प्रमाण घ्यावं आणि टॉरवाल्यांनाही त्याच प्रमाणात वाटून टाकावं. करू नका. टॉर वापरायची गरज आणि सवय देशागणिक वेगळी असते, आणि नेमके जे लपतात ते न लपणाऱ्यांसारखे असतील असं मानायला काहीच आधार नाही. ‘ठिकाण अज्ञात’ असा जाडजूड रकाना राहू दे. नकाशा विद्रूप दिसतो, दिसू दे.

पायरी ७: हॅशरेट, थोडक्यात

खाणकामाच्या ताकदीला दारं ठोठवायची गरज नाही. ती साखळीतूनच निघते. काठिण्य पातळी (नवा ब्लॉक काढणं किती अवघड आहे ते सांगणारा आकडा) गुणिले २ चा ३२ वा घात, भागिले ६०० सेकंद, म्हणजे एका ब्लॉकला सरासरी धरलेला वेळ. काठिण्य १०० लाख कोटी, म्हणजे १ वर १४ शून्यं असेल, तर उत्तर साधारण ७१६ एक्साहॅश दर सेकंदाला. ‘आज हॅशरेट ८ टक्के कोसळला’ अशा बातम्या दुर्लक्षा. दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक निघतात आणि १४४ चं वर्गमूळ १२, म्हणजे आठ टक्क्यांचा चढउतार निव्वळ नशिबाचा. २०१६ ब्लॉकांची, म्हणजे दोन आठवड्यांची सरासरी घेतली की तो दोन-सव्वादोन टक्क्यांवर येतो.

भूगोल मात्र साखळीत लिहिलेला नसतो. केंब्रिज विद्यापीठातल्या पर्यायी वित्त केंद्राने काही मोठ्या पूलकडून (एकत्र खाणकाम करणाऱ्यांच्या गटांकडून) खाणवाल्यांच्या आयपींची देशवार बेरीज घेऊन नकाशा बनवला. सप्टेंबर २०१९ मध्ये चीनचा वाटा तीन-चतुर्थांश होता. २०२१ च्या मे-जूनमध्ये चीनने बडगा उगारला, ३ जुलैला काठिण्य एका फटक्यात सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं, आणि नकाशावर चीन जुलैत थेट शून्यावर आला. सप्टेंबरमध्ये तोच चीन पुन्हा वीस टक्क्यांच्या वर. यंत्रं काही दोन महिन्यांत जहाजात घालून परत आणलेली नव्हती. शून्य दिसत होतं तेव्हाही बरीचशी तिथेच, व्हीपीएनआड चालू असणार. काठिण्याचा आकडा खरा होता, काही यंत्रं खरोखर बंद पडली होती. ‘शून्य’ फक्त आयपीचं होतं.

पायरी ८: नोंदवही

माझ्या वहीत एका फेरीची नोंद अशी असते: तारीख आणि वेळ यूटीसीत, किती पत्ते ठोठावले, किती जणांनी पूर्ण ओळख दिली, त्यांतले आयपीव्ही-४, आयपीव्ही-६, टॉर, आयटूपी वेगवेगळे, टॉरला किती सेकंद थांबलो, देश आणि एएसचा डेटाबेस कुठल्या तारखेचा. ही शेवटची बाब लोक गाळतात. आयपीचे पट्टे विकले जातात, एका देशातून दुसऱ्यात जातात, आणि गेल्या वर्षीची यादी आजच्या डेटाबेसवर टाकली तर नोड जागचे न हलता देश बदलतात. म्हणून कच्ची यादी आणि त्या दिवशीची डेटाबेसची फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. जागा फारशी लागत नाही, महिन्याच्या सगळ्या फेऱ्या दाबून एका पेन ड्राइव्हवर सहज मावतात. लोकांपुढे फक्त बेरजा ठेवा. कच्च्या यादीत कुणाच्या तरी घरचा पत्ता असतो.